आभाळातला घाट

बीड जिल्ह्यात विमानतळ नाही. विमानात बसावयाचे तर आम्हाला आधी छत्रपती संभाजीनगरजवळचे चिकलठाणे गाठावे लागते. त्यामुळे विमान ही आमच्याकडे कपाळावर हात धरून, मान वर करून पाहावयाची वस्तू. खालून ते इतके संथ दिसते की, आतल्या प्रवाशाच्या हातातला चहा हिंदकळत असेल अशी शंकाही येत नाही.

गेल्या वैशाखात मी आईला घेऊन दिल्लीहून परतत होतो. दुपारची वेळ. विमान उतरू लागले आणि एकाएकी पोटात गोळा आला. विमान खचले, सावरले, पुन्हा खचले. मांजरसुंब्याच्या घाटात एस.टी.ने द्यावेत तसे हिसके! आईने माझे मनगट घट्ट धरले. तोंडाने अंबाजोगाईच्या योगेश्वरीचा धावा चालू. पलीकडचे एक गृहस्थ जाणकारीने म्हणाले, "एअर पॉकेट! हवेतला खड्डा!"

थोड्याच वेळात आम्ही सुखरूप उतरलो, पण आईने तिथेच जाहीर केले, "अरे, मी काही पुन्हा यात बसायची नाही." आता मार्गशीर्षात दिल्लीला तिच्या नातीचे लग्न. आगगाडीचा लांबचा प्रवास तिच्या गुडघ्यांना झेपणारा नाही. म्हणजे विमान नाही, तर लग्नही नाही!

मी मराठीचा प्राध्यापक. वाऱ्याशी माझा संबंध कवितेपुरता. तेव्हा भूगोल शिकविणाऱ्या सहकाऱ्यांना शरण गेलो. त्यांनी पहिल्याच वाक्यात त्या गृहस्थांचा खड्डा बुजवून टाकला. हवेत खड्डा नसतोच. हवा सगळीकडे असते. फक्त ती स्थिर नसते. उन्हाळ्यात नांगरून टाकलेले काळे रान लवकर तापते, माजलगावच्या धरणाचे पाणी मात्र सावकाश. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, शेजारची थंड हवा खाली येते. विमान चढत्या हवेतून उतरत्या हवेत शिरले की, आपल्याला ते खचल्यासारखे वाटते.

हे मी ओसरीवर आईला सांगितले. तिचा जन्म केज तालुक्यातल्या शेतात गेलेला. ती म्हणाली, "म्हणजे वावटळच की! आणि घार पंख न हलवता वर जाते, ती याच हवेवर ना?" माझ्या सहकाऱ्यांनी पाऊण तास घेतला, तिने दोन वाक्यांत उरकले.

दुसरा प्रकार वळवाच्या ढगाचा. अशा ढगाच्या पोटात हवा इतक्या जोराने चढते की, ती गारांनासुद्धा तोलून धरते. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यातली उभी पिके ज्यांनी झोडपली, ते ढग याच जातीचे. 2 मे 1953 रोजी कलकत्त्याहून दिल्लीला निघालेले कॉमेट विमान अशाच वादळात सापडून मोडले आणि 43 जण प्राणास मुकले. आज विमानाच्या नाकात रडार असते. ते ढगातले पाणी व गारा हेरते आणि वैमानिक वळसा घालतो. विमानाच्या सांगाड्यालाही, सेवेत येऊ शकणाऱ्या जास्तीत जास्त भाराच्या दीडपट भार सोसावा लागतो. त्याशिवाय त्या जातीच्या विमानाला मान्यताच मिळत नाही.

तिसरा प्रकार मात्र निरभ्र आकाशातला. हिवाळ्यात उत्तर भारतावर, सुमारे दहा-बारा किलोमीटर उंचीवरून, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची जणू एक नदी वाहते. तिचे नाव जेट स्ट्रीम. भरलेल्या गोदावरीत मध्यावरची धार वेगवान आणि काठाचे पाणी मंद; दोहोंच्या सीमेवर भोवरे उठतात. वरही तसेच. तिथे ढग नाही, पाण्याचा थेंब नाही. त्यामुळे रडारलाही काही दिसत नाही. पुढे गेलेले विमान मागच्याला रेडिओवरून सावध करते, तो एक आधार. आणि हे भोवरे वाढत आहेत. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी 2023 साली दाखविले की, उत्तर अटलांटिकवर असे तीव्र हादरे 1979 ते 2020 या काळात 55 टक्क्यांनी वाढले. तापत्या हवामानाचा हा प्रसाद!

मग भ्यावयाचे कशाला? 21 मे 2024 रोजी लंडनहून सिंगापूरला निघालेले सिंगापूर एअरलाइन्सचे विमान म्यानमारवर वाढत्या ढगांच्या प्रदेशात हादरले. प्राथमिक चौकशी सांगते की, ते पाच सेकंदांच्या आत 178 फूट खाली गेले. पट्टे न बांधलेली माणसे आसनावरून उडाली आणि खाली आदळली. अनेक जण जखमी झाले. एक वृद्ध प्रवासी दगावले. विमान मात्र धड बँकॉकला उतरले. विमान टिकते, मोकळा बसलेला माणूस उडतो! पट्ट्याची सूचना दिवा लागून मिळते, हे खरे. पण त्या दिवशी दिवा लागल्यावर जेमतेम आठ सेकंदच मिळाली होती.

आईने हे सारे शांतपणे ऐकले. म्हणाली, "तिकीट काढ. पण सांगून ठेवते, दिवा विझला तरी मी पट्टा सोडायची नाही."

वाचकहो, दिवाळीच्या सुटीत विमानाने जाणार असाल, तर एवढेच करा. उठण्याचे काम नसेल तेव्हा पट्टा कमरेला असू द्या, आणि मांडीवरच्या पोरालाही त्याचा पट्टा मागून घ्या.