गारगोटी सांगते कड्याची कहाणी

मार्च १९९९. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बीची हेडजवळ लोकांनी एक विलक्षण दृश्य पाहिले. ‘बेल टूट’ हे सुमारे ८५० टन वजनाचे जुने दीपगृह जॅकने उचलून तुळयांवरून इंच इंच मागे सरकवले जात होते. तब्बल १७ मीटर! १८३०च्या दशकात ते बांधले, तेव्हा कड्याची धार बरीच दूर होती. समुद्राने खालून पोखरत ती थेट दाराशी आणून ठेवली. शेजारच्या बर्लिंग गॅप येथे तर तटरक्षकांसाठी बांधलेली घरे एकेक करून पाडावी लागली.

हे कडे खडूच्या मऊ, पांढऱ्या दगडाचे. ते ढासळणारच. पण पूर्वीपासून याच वेगाने ढासळत होते का?

पुरावाच वाहून जातो

जुने नकाशे आणि छायाचित्रे फार तर दीडशे वर्षे मागे नेतात. त्याआधीचे काय? कोसळलेला दगड लाटा वाहून नेतात. चोराने आपल्या पाऊलखुणाही पुसून टाकाव्यात, तशातलाच हा प्रकार! मागे उरतो तो कड्याच्या पायथ्याचा, ओहोटीला उघडा पडणारा सपाट खडक. उत्तर त्यातच दडले होते.

आकाशातून चालणारे घड्याळ

या खडूत गारगोटीचे, म्हणजे चकमकीच्या दगडाचे थर असतात. अंतराळातून येणारे वैश्विक किरण गारगोटीतील ऑक्सिजनच्या अणूंवर आदळतात. त्यातून बेरिलियम-१० हा दुर्मीळ अणू तयार होतो. एक ग्रॅम दगडात वर्षाला जेमतेम चार-पाच अणू! इतके थोडे अणू मोजायला कणत्वरक यंत्र लागते.

कडा डोक्यावर उभा असतो, तोवर खालच्या गारगोटीला दगडाचे छत्र असते. तो कोसळला, की घड्याळ सुरू होते. कडा झपाट्याने मागे हटला असेल, तर खडकात अणू कमी सापडतात. सावकाश हटला असेल, तर जास्त. भरतीचे पाणी काही किरण अडवते आणि लाटा खडकाचा पृष्ठभागही खरवडतात. त्यामुळे संगणकावर हा सगळा हिशेब मांडूनच वेग ठरवावा लागतो.

दहापट घाई

मार्टिन हर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीची हेड व होप गॅप येथील गारगोट्या तपासल्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष चकित करणारा होता. गेल्या सुमारे ७,००० वर्षांतील बहुतेक काळ हे कडे वर्षाला फक्त २ ते ६ सेंटिमीटर मागे हटत होते. अलीकडच्या दीडशे वर्षांत मात्र हा वेग २२ ते ३२ सेंटिमीटरवर गेला आहे.

असे का व्हावे? संशोधकांच्या मते, कड्यांसमोरचा गोट्यांचा पट्टा रोडावला, हे मुख्य कारण असावे. लाटांचा मार हा पट्टा स्वतः सोसत असे. ढालच पातळ झाल्यावर घाव थेट कड्यावर बसू लागले.

हीच पद्धत पुढे डेव्हन आणि यॉर्कशायरच्या कठीण खडकांनाही लावली गेली. समुद्राची पातळी वाढत राहिली, तर २१०० पर्यंत तेथील झीज दहापटीपर्यंत वाढू शकते, असा इशारा २०२२ मध्ये देण्यात आला.

दीपगृह मागे सरकवता येते; अख्खे गाव नाही. म्हणूनच कड्यावर पुढचे घर कुठे बांधायचे, हे ठरवण्याआधी पायथ्याच्या त्या गारगोटीचे म्हणणे ऐकून घेणे शहाणपणाचे!