न बोलण्याचे दुखणे

दिवाळीच्या आधी गृहिणी माळ्यावरच्या डब्यांपासून देव्हाऱ्यातल्या समईपर्यंत सारे घर लख्ख करते. मुलाच्या खोकल्यावर तिचे लक्ष असते. सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी तिला तोंडपाठ असते. राहून जाते ते तिचे स्वतःचे दुखणे. त्यातही एक दुखणे असे, की ते सख्ख्या बहिणीला सांगायचाही संकोच वाटावा. अंगावरून पांढरे जाते, खाज सुटते, जळजळ होते, वास येतो. फार झाले तर शेजारच्या वहिनींच्या कानात हळूच सांगायचे, आणि त्यांचे उत्तर ठरलेले : "अहो, बायकांच्या जातीला हे चालायचंच!"

यातले काही चालायचेच, हे खरे आहे. पण सारेच नव्हे. चालायचे कोणते आणि चालू देऊ नये ते कोणते, एवढे ओळखता आले तरी निम्मे काम झाले.

प्रथम निरोगी स्थिती पाहू. योनिमार्गात थोडा ओलावा असणे हे आरोग्याचे लक्षण आहे. हा स्राव पाण्यासारखा किंवा दुधट असतो; त्याला घाण वास नसतो आणि खाजही नसते. दोन पाळ्यांच्या मध्यावर तो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा चिकट, तार धरणारा होतो. गरोदरपणात तो वाढतो. यात शरीराचे सत्त्व झिजत नाही, की हाडेही वितळत नाहीत. अशक्तपणाची ही खूण समजून वर्षानुवर्षे टॉनिकच्या बाटल्या रिकाम्या करणाऱ्या भगिनींनी एवढे ध्यानात ठेवावे.

या मार्गाचे रक्षण करणारे जंतू तेथेच वस्तीला असतात. १८९२ साली डॉडरलाइन या जर्मन वैद्यकतज्ज्ञाने त्यांचे वर्णन केले. आपल्या विरजणातल्या जंतूंच्याच जातकुळीतले हे जंतू आम्ल तयार करतात आणि योनिमार्ग साधारण दह्याइतका आंबट ठेवतात. या आंबटपणात उपद्रवी जंतूंचे फावत नाही. काही कारणाने हा पहारा ढिला पडला, किंवा बाहेरचा जंतू आत शिरला, की दुखणे सुरू होते. नेहमी आढळणारी अशी दुखणी तीन आहेत.

पहिले बुरशीचे. यात खाज मुख्य. स्राव नासलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा घट्ट व पांढरा असतो. वास फारसा नसतो. बाहेरची त्वचा लाल होते आणि लघवी तिला लागली की चुरचुरते. बहुतेक स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. दुसऱ्या एखाद्या दुखण्यासाठी अँटिबायोटिक घेतल्यावर, गरोदरपणात आणि मधुमेहात तो अधिक होतो. म्हणूनच वारंवार अशी खाज सुटत असेल, तर रक्तातील साखर अवश्य तपासावी. उपाय सोपा आहे. क्लोट्रिमॅझोलची आत ठेवायची गोळी किंवा फ्लुकोनॅझोलची एकच १५० मिलिग्रॅमची मात्रा बहुधा पुरते. मात्र गरोदर स्त्रीने ही पोटात घ्यायची गोळी टाळावी. तिच्यासाठी आत ठेवायचे औषधच योग्य.

या बुरशीवरच्या औषधाची कथा मोठी गोड आहे. १९५० साली एलिझाबेथ हेझन व रेचल ब्राउन या दोन अमेरिकन स्त्री-शास्त्रज्ञांनी निस्टॅटिन शोधून काढले. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीत. मातीतून मिळवलेल्या जंतूंचे नमुने त्या एकमेकींना टपालाने पाठवीत. औषधावर मिळालेले मानधन त्यांनी स्वतःकडे न ठेवता विज्ञानसंशोधनाला देऊन टाकले.

दुसरे दुखणे म्हणजे जंतूंचा बिघडलेला समतोल. पहारेकरी जंतू कमी होतात आणि दुसरे माजतात. १९५५ साली अमेरिकेत गार्डनर व ड्यूक्स यांनी त्याकडे प्रथम लक्ष वेधले. स्राव पातळ, राखी-पांढरा असतो. मासळीसारखा वास येतो. पाळीनंतर किंवा समागमानंतर तो अधिक जाणवतो. खाज सहसा नसते. बुरशीच्या औषधाने याला काडीचाही गुण येत नाही. येथे मेट्रोनिडॅझोल लागते आणि गोळ्या सांगितलेले सर्व दिवस घ्याव्या लागतात. हे दुखणे पुष्कळदा उलटते. पतीलाही बरोबरीने औषध दिले तर ते उलटण्याचे प्रमाण बरेच कमी होते, असे ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले.

तिसरे ट्रायकोमोनास नावाच्या सूक्ष्म जीवाचे. पॅरिसच्या डॉने यांनी तो १८३६ साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. स्राव पिवळट-हिरवट, कधी फेसाळ असतो. जोडीला दुर्गंधी, खाज व जळजळ. पुष्कळजणींत मात्र एकही लक्षण दिसत नाही. औषध मेट्रोनिडॅझोलच, पण हा रोग समागमातून पसरतो, म्हणून पती-पत्नी दोघांनी एकाच वेळी औषध घ्यावयास हवे. एकटीनेच घेतले तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! आणि एक गोष्ट घरातील शांततेसाठी सांगतो : हा जंतू लक्षणांवाचून कित्येक महिने अंगात राहू शकतो. तेव्हा निदान झाल्याबरोबर एकमेकांवर संशय घेण्याचे कारण नाही.

आता जे करू नये ते. जंतुनाशक घातलेल्या पाण्याने आतून धुऊ नये. योनिमार्ग आपली सफाई आपणच करतो. असे धुतल्याने उपद्रवी जंतूंबरोबर पहारेकरीही वाहून जातात. बाहेरून साध्या पाण्याने धुणे पुरेसे. सुवासिक साबण, पावडर, अत्तरी फवारे यांची तेथे गरज नाही. आतले कपडे सुती व सैल असावेत आणि उन्हात वाळवावेत. लाजेने इतर कपड्यांखाली दडवून दमट ठेवू नयेत. आणि औषधाच्या दुकानातून "खाजेचे मलम" मागून आणू नये. त्यातल्या पुष्कळ मलमांत स्टिरॉइड असते. दोन दिवस बरे वाटते, पण आतून बुरशी वाढतच राहते.

वरच्या खुणा वाचून घरीच निदान पक्के करावे, असाही याचा अर्थ नव्हे. दोन दुखणी एकत्रही असतात. डॉक्टर तपासून, स्रावाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून थोडक्यात निर्णय देऊ शकतात. ओटीपोटात दुखणे, ताप, समागमानंतर रक्त जाणे, पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्त दिसणे, रक्तमिश्रित स्राव, गरोदरपण किंवा लहान मुलीला होणारा त्रास, यांपैकी काहीही असेल तर एक दिवसही दवडू नये. रक्तस्रावामागे कधी कधी गर्भाशयमुखाचा कर्करोगही असतो. आणि वेळीच सापडला तर तो बरा होतो.

न बोलण्याची किंमत किती मोठी असते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शंभरातील ९२ जणींना एखादे तरी स्त्रीरोगाचे दुखणे होते; आणि त्यापूर्वी तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त ८. ही खेड्यातली गोष्ट म्हणून शहरातील वाचकांनी पान उलटू नये. दवाखाना जिन्याखाली असला तरी संकोचाची पायरी उतरल्यावाचून तेथे पोचता येत नाही.

ही पायरी उतरायला घरच्यांनी हात द्यावा. आईने मुलीला पहिल्या पाळीच्या वेळीच हे सारे साध्या शब्दांत सांगावे, म्हणजे पुढे तिला ते कुजबुजत विचारावे लागणार नाही. सासूबाईंनी "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही" हे वाक्य गिळावे. आणि नवरोजींनी, हा लेख बायकांचा म्हणून बाजूला न ठेवता, "चल, मीही येतो डॉक्टरांकडे," एवढे म्हणावे. औषध थोडक्या दिवसांचे असते. सोसणे मात्र वर्षानुवर्षांचे होऊन बसते.