हलक्या विमानाचे एंजिन : देखभाल व दुरुस्ती

एक वा दोन आसनांच्या, कमी वजनाच्या आणि मुख्यतः हौशी उड्डाण, क्रीडा व प्राथमिक प्रशिक्षण यांसाठी वापरण्यात येणाऱ्या विमानास हलके क्रीडा-विमान म्हणतात. अमेरिकेत २००४ साली या वर्गाची स्वतंत्र व्याख्या झाली, तेव्हा जमिनीवरून उडणाऱ्या विमानासाठी सु. ६०० किग्रॅ. ही कमाल वजनमर्यादा ठरविण्यात आली होती. अशा विमानात बहुधा एकच दट्ट्याचे एंजिन असते [⟶ अंतर्ज्वलन एंजिन]. ते हवेत बंद पडल्यास वैमानिकाला तरंगत खाली येऊन आवाक्यातील मोकळ्या जागी उतरण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून बिघाड जमिनीवर असतानाच हुडकून काढणे, हा या देखभालीचा मुख्य उद्देश असतो.

महाराष्ट्रात हलक्या विमानांचा वापर जुहू (मुंबई) येथे १९२८ मध्ये सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल आणले, ते एका एंजिनाच्या पुस मॉथ विमानातून. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जात असल्याने ही सेवा पुण्यास हलवावी लागे. सध्या भारतात या वर्गातील विमाने प्रामुख्याने राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात आढळतात. छात्रसेना, हवाई दल व नौदल यांच्यासाठी पिपिस्ट्रेल या स्लोव्हेनियन कंपनीच्या १९४ विमानांचा करार २०१५ मध्ये करण्यात आला. त्यांत ८० अश्वशक्तीचे रोटॅक्स ९१२ हे एंजिन आहे.

रचना : रोटॅक्स ९१२ हे ऑस्ट्रियन बनावटीचे चार धावांचे एंजिन असून त्याचे चार सिलिंडर समोरासमोर आडवे बसविलेले असतात. सिलिंडर हवेने, तर त्यांची शीर्षे द्रवाने थंड होतात. क्रँकशाफ्ट दर मिनिटास कमाल ५,८०० फेरे घेतो. पंख्यास हा वेग फार होत असल्याने मध्ये गिअर-पेटी घालून तो निम्म्याहून कमी करतात. ज्वलनासाठी ठिणगी देणारी दोन स्वतंत्र मंडले असतात. इंधन दोन कार्ब्युरेटरांतून येते व प्रत्येक कार्ब्युरेटर दोन सिलिंडरांना मिश्रण पुरवितो. दोहोंचा मेळ बिघडला, तर एंजिन थरथरते आणि त्या कंपनांचा मार प्रथम गिअर-पेटीवर बसतो. त्यामुळे दोन्ही बाजूंचा शोषणदाब मापकावर सारखा करून घेणे, हे वरवर किरकोळ वाटणारे काम प्रत्यक्षात महत्त्वाचे असते.

या एंजिनात तेल तळाशी साठत नाही. दट्ट्याजवळून निसटणाऱ्या वायूंच्या दाबाने ते वेगळ्या टाकीत परत जाते. साहजिकच तेलाची पातळी मोजण्यापूर्वी ठिणगीची कळ बंद असल्याची खात्री करून पंखा हाताने फिरवीत राहावे लागते. टाकीतून बुडबुड असा आवाज आला, म्हणजे तेल परतले असे समजतात. पंखा नेहमीच्या दिशेनेच फिरवितात. उलट फिरविल्यास झडपांच्या द्रवचलित टॅपेटांत हवा शिरण्याचा संभव असतो.

नियमित तपासणी : दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, सविस्तर तपासणी करतात. तेल व त्याची गाळणी बदलतात. जुनी गाळणी फेकून न देता कापून तिची घडी उलगडून पाहतात. घड्यांत अडकलेले धातूचे कण एंजिनाच्या अंतर्भागाची झीज दाखवितात. तेलमार्गातील चुंबकी बुचावर जमलेले पोलादाचे कण हाही असाच पुरावा होय. थोडी करडी लुकण नेहमीची मानतात, मात्र चकाकणारे कपचे आढळल्यास एंजिन चालविणे थांबवितात.

ठिणगीच्या मंडलांची परीक्षा प्रत्येक उड्डाणापूर्वी होते. एंजिन ४,००० फेऱ्यांवर ठेवून एकेक मंडल बंद केले असता फेरे ३०० पेक्षा अधिक घसरू नयेत आणि दोन मंडलांच्या घसरणीत ११५ फेऱ्यांहून जास्त फरक पडू नये, असा निर्मात्याचा दंडक आहे.

सिलिंडरांची हवाबंदी पाहण्यासाठी दट्ट्या वरच्या टोकाला आणून स्पार्क प्लगच्या भोकातून ६ बार दाबाची हवा सोडतात. दाबातील घट २५ टक्क्यांहून अधिक असेल, तर कान देऊन हवा कोठून निसटते ते पाहतात. निष्कासनळीतून फुसफुस ऐकू आल्यास निष्कास-झडप, कार्ब्युरेटराकडून आल्यास अंतर्ग्रहण-झडप आणि तेलाच्या टाकीकडून आल्यास दट्ट्याच्या कड्या सदोष ठरतात. एंजिन न उघडता दोष नेमका दाखविणारी इतकी साधी दुसरी कसोटी क्वचितच असेल.

इंधन : हे एंजिन मोटारीच्या पेट्रोलवर चालावे, असा मूळ हेतू होता. तथापि निर्मात्याने इंधनातील एथेनॉलाची कमाल मर्यादा १० टक्के ठेवली आहे, तर भारतातील पेट्रोलात २०२५ मध्ये २० टक्के एथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य गाठले गेले. त्यामुळे रस्त्यावरील पंपाचे पेट्रोल या विमानास चालत नाही. एथेनॉल रबरी नळ्या व कार्ब्युरेटराचे भाग यांना बाधक होऊ शकते, शिवाय ते हवेतील ओलावा शोषते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले, की पाणी व एथेनॉल यांचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो. इंधनात एथेनॉल आहे की नाही, हे ओळखण्याची रीत सोपी आहे. खुणा केलेल्या काचनळीत थोडे पाणी घेऊन त्यावर पेट्रोल ओततात व नळी हलवून स्थिर ठेवतात. तळचा पाण्याचा थर वाढलेला दिसल्यास एथेनॉल आहे असे समजावे.

दुसरा पर्याय १००-एल्एल् या विमान-पेट्रोलाचा. ते पूर्वी आयात होत असे. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदरा येथे त्याचे उत्पादन सुरू केले. परंतु त्यात शिसे असते. शिशाचे साके स्पार्क प्लग, झडपा आणि गिअर-पेटी यांवर बसतात, कारण गिअर-पेटी व एंजिन यांचे वंगण एकच असते. म्हणून हे इंधन प्रामुख्याने वापरल्यास तेल १०० ऐवजी ५० तासांनी बदलतात. पूर्ण संश्लेषित तेल शिसे नीट धरून ठेवीत नसल्याने अर्धसंश्लेषित तेल पसंत करतात.

दुरुस्ती : नव्या रोटॅक्स ९१२ साठी दोन पूर्ण दुरुस्त्यांमधील काळ २,००० तास किंवा १५ वर्षे इतका ठरविला आहे. वर्षाकाठी ६० तास उडणारे हौशी विमान १५ वर्षांत अवघे ९०० तास उडते. म्हणजे त्याच्या बाबतीत घड्याळापेक्षा दिनदर्शिकाच निर्णायक ठरते. रबरी नळ्या व पडदे तर दर पाच वर्षांनी बदलावे लागतात, मग ते वरून कितीही चांगले दिसोत. पंखा जमिनीस वा अन्य वस्तूस लागल्यास गिअर-पेटी व क्रँकशाफ्ट यांची तपासणी सक्तीची असते. भारतात अशी कामे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार अधिकृत अभियंता करतो आणि त्यांची नोंद एंजिनाच्या नोंदवहीत होते.

दमट हवेतील जतन : कोकणासारख्या प्रदेशात एंजिन चालण्यापेक्षा न चालण्याने अधिक खराब होते. लांजा (जि. रत्नागिरी) परिसराचे उदाहरण घेता येईल. तेथे धावपट्टी नाही. सर्वांत जवळचा विमानतळ वायव्येस सु. ३० किमी. वर रत्नागिरीस असून तेथे तटरक्षक दलाचा हवाई तळ आहे. सह्याद्री व समुद्र यांमधील या पट्टीत भाताची चिंचोळी खाचरे, आंबा-काजूच्या बागा, खोल वहाळ आणि जांभ्याचे खडबडीत सडे असल्याने एंजिन बंद पडल्यास उतरण्याजोगी सपाट जागा अभावानेच मिळते. उन्हाळ्यात सड्यावरची तांबडी धूळ हवेच्या गाळणीत जाते. रत्नागिरीस वर्षाला ३,००० मिमी. हून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात पडतो. या महिन्यांत विमान पुष्कळदा उभेच राहते.

उभ्या एंजिनात तेलाचा पापुद्रा हळूहळू निथळून जातो. ज्वलनात निर्माण झालेले पाणी व आम्ले तेलात मिसळलेली असतात आणि त्यांत बाहेरच्या ओलाव्याची भर पडते. रोटॅक्सच्या सिलिंडरांवर निकेल व सिलिकॉन कार्बाइड यांचा मुलामा असल्याने ते गंजत नाहीत. पण कॅमशाफ्ट, धारवे व दंतचक्रे पोलादाचीच असतात. लायकॉमिंग कंपनीच्या अनेक एंजिनांत कॅमशाफ्ट वरच्या बाजूस असल्याने तो लवकर कोरडा पडतो. त्यावर गंजाचा लहानसा खड्डा पडला, की पुढे टॅपेटाचा पृष्ठभाग सोलून निघतो.

यावर आठवड्यातून दहा मिनिटे जमिनीवरच एंजिन चालविण्याचा उपाय अनेक जण करतात. तो अपायकारक आहे. तेवढ्या वेळात तेल पुरेसे तापत नाही, त्यामुळे नवे पाणी तयार होते व जुने जात नाही. उड्डाणाच्या दिवशी तेल निदान एकदा १००° से. पर्यंत तापावे, अशी रोटॅक्सची सूचना आहे.

मासेमारीस बंदी असलेल्या जून-जुलैत कोकणातील कोळी होड्या ओढून शाकारून ठेवतात, तशीच विमानाच्या एंजिनाची तरतूद करावी लागते. जुने तेल काढून रक्षक तेल भरतात. सिलिंडरांत तेलाचा फवारा मारून स्पार्क प्लगच्या जागी सिलिका जेल भरलेली पारदर्शक बुचे बसवितात. निळे जेल गुलाबी झाले, की बुचे बदलतात. निष्कास व अंतर्ग्रहण-मार्ग बंद करून त्यांवर लाल फीत लावतात. त्यानंतर पंखा फिरवीत नाहीत, कारण फिरविल्यास आतील पापुद्रा खरवडला जातो.

पावसाळा संपल्यावर कुंभारमाशीने श्वासनलिकांत व वायुछिद्रांत मातीची घरटी केली आहेत का, उंदरांनी तारा कुरतडल्या आहेत का, हे आधी पाहतात. मग टाकीच्या तळातून इंधन काढून त्यात पाणी नसल्याची खात्री करतात आणि ताजे तेल भरतात. पहिले उड्डाण धावपट्टीच्या टप्प्यातच ठेवून, उतरल्यावर चुंबकी बूच काढून पाहणे इष्ट ठरते.