मुलींचा बास्केटबॉल व त्याचे बदलते नियम

खेळाचे नियम म्हणजे कांहीं शिलालेख नव्हेत. ज्या काळीं ते होतात, त्या काळच्या समजुती त्यांत उतरतात. समजुती पालटल्या कीं नियमही पालटतात. महाविद्यालयीन मुलींच्या बास्केटबॉलचा इतिहास हें याचें उत्तम उदाहरण होय. अलीकडे त्याच्या नियमांत जे फेरफार झाले, त्यांविषयीं जाणत्या लोकांत मतभेद आहेत. ते समजून घेणें आपल्या विद्यार्थिनींस व त्यांच्या पालकांस उपयोगाचें होईल.

हा खेळ जेम्स नेस्मिथ यांनीं १८९१ सालीं अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें काढला. पुढच्याच वर्षीं जवळच्या स्मिथ कॉलेजांतील शिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनीं तो मुलींस शिकविला. परंतु धांवपळ व झोंबाझोंबी मुलींच्या प्रकृतीस सोसणार नाहीं, अशी त्या काळची समजूत होती. तिला अनुसरून बाईंनीं मैदानाचे तीन भाग पाडले व आपला भाग सोडून जाण्यास खेळाडूंना मनाई केली. हातांतील चेंडू हिसकावणें निषिद्ध ठरलें. तो तीनांहून अधिक वेळां आपटूं नये व तीन सेकंदांहून अधिक काळ धरूं नये, असेंही ठरलें. या नियमांमुळें मुलींचें पाऊल मैदानावर पडलें, हा त्यांचा गुण. तें मैदानाच्या एका भागांतच अडलें, हा त्यांचा दोष. १९३८ सालीं तीन भागांचे दोन झाले. संपूर्ण मैदानावर पांच जणींनीं खेळण्याचा नियम कायम होण्यास मात्र १९७१ साल उजाडावें लागलें.

तथापि मुलींचा खेळ नेहमीं मागेंच राहिला, असें नाहीं. आघाडीवरील संघानें नुसता चेंडू धरून वेळ काढूं नये, म्हणून तीस सेकंदांच्या आंत तो टोपलीकडे फेकलाच पाहिजे, असा नियम तेथील मुलींच्या खेळांत १९७० च्या सुमारास आला. तेथील महाविद्यालयीन पुरुषांच्या खेळांत अशी मर्यादा १९८५ सालीं आली, आणि तीही पंचेचाळीस सेकंदांची!

आतां अलीकडील फेरफारांकडे वळूं. १९८४ सालीं अमेरिकन महाविद्यालयांनीं मुलींसाठीं एक इंच कमी घेराचा चेंडू घेतला. हा कमीपणा होय, असें कांहींचें मत. लहान हातांत चेंडू नीट बसल्यानें कौशल्यच वाढतें, असें इतरांचें. २०१२ सालीं कनेक्टिकट विद्यापीठाचे नामांकित प्रशिक्षक जीनो ओरिएमा यांनीं मुलींसाठीं टोपलीचें कडें किंचित् खालीं आणावें, असें सुचविलें. परंतु ती सूचना स्वीकारली गेली नाहीं, व कडें दहा फुटांवरच राहिलें. २०१५ सालीं वीस मिनिटांच्या दोन डावांऐवजीं दहा मिनिटांचे चार डाव झाले. २०२१ सालच्या हंगामापासून, जिच्यापलीकडून फेकल्यास तीन गुण मिळतात, ती रेषा २० फूट ९ इंचांवरून २२ फूट पावणेदोन इंचांवर गेली. यामुळें नेम चुकतील, असा एक आक्षेप. रक्षण करणाऱ्या खेळाडू पांगून टोपलीजवळ मोकळी जागा मिळेल, असें त्यास उत्तर.

हें अंतर म्हणजे सुमारें ६.७५ मीटर, आंतरराष्ट्रीय नियमांतही तेवढेंच आहे. त्या नियमांत स्त्री-पुरुषांसाठीं मैदान, वेळ व टोपली एकच असून चेंडू तेवढा निराळा आहे. २००४ पासून स्त्रिया सहा क्रमांकाच्या लहान चेंडूनें खेळतात. भारतीय स्त्रियांचा संघ याच नियमांनीं खेळतो. पुण्याची शिरीन लिमये या संघांतून खेळली. आणि २०१७ सालीं बंगळूर येथें भारतीय संघानें आशियाई स्पर्धेचा दुसरा विभाग जिंकला.

मग नियम चांगला कोणता व वाईट कोणता, हें ओळखावें कसें? आपल्या शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांत याचें उत्तर आहे. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात, तेव्हां तो पट्टीनें घट्ट बांधतात. डोळा धरेपर्यंत ती पट्टी त्याचें रक्षण करते. पण वेळीच सोडली नाहीं, तर तीच सालींत रुतून वाढ खुंटविते. मैदानाचे तीन भाग करणारा नियम ही अशी न सोडलेली पट्टी होती. लहान चेंडूचें तसें नाहीं. तो हातास साजेसा आहे, आणि मुलीस कोठेंही अडवीत नाहीं. ज्या नियमानें मुलगी अधिक धांवते, अधिक विचार करते व अधिक चांगलें खेळते, तो ठेवावा. जो तिला केवळ जागच्या जागीं उभी करतो, तो सोडावा.

आठवी-नववीनंतर मुलीनें मैदानावर जावें कीं नाहीं, हा प्रश्न अजूनही कित्येक घरांत निघतो. सन १९१४ पासून व्यायामाची परंपरा चालविणारें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ज्या अमरावतींत आहे, त्या जिल्ह्यांत तरी तो निघूं नये. पालकहो, घरांतील नियमही आपणच केलेले आहेत. त्यांपैकीं कोणती पट्टी अद्याप हवी आहे व कोणती सोडावयाची वेळ आली आहे, हें एकदां पाहून घ्यावें, एवढीच विनंती.