हंडीचे दोर आणि आकाशातला आठ

गिरगावातल्या एखाद्या अरुंद वाडीत उभं राहून फोनवर नकाशा उघडला की निळा ठिपका कधी मागच्या चाळीत शिरतो, कधी पुढच्या गल्लीत. अशा वेळी मला दहीहंडी आठवते.

हंडी हवेत एका जागी राहते, कारण समोरासमोरच्या चाळींना वेगवेगळ्या दिशांनी दोर बांधलेले असतात. सगळे दोर एकाच चाळीच्या एकाच गॅलरीला बांधले तर जरा धक्का लागला की हंडी झोके घेणार. उपग्रहापासून फोनपर्यंतचं अंतर हा असाच एक दोर. संदेश निघाला कधी आणि पोचला कधी, यावरून त्याची लांबी कळते. जागा ठरवायला तीन दोर लागतात आणि फोनच्या साध्या घड्याळाची चूक पकडायला चौथा. वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी ३०० मीटरचा फरक पडतो. गिरगावात तेवढ्यात दोन-तीन गल्ल्या येतात. म्हणून उपग्रहात अणुघड्याळ बसवतात. पण घड्याळ अचूक असूनही दोर चुकीच्या दिशांना बांधलेले असले, तर हंडी झुलणारच.

हे दोर कुठे बांधायचे, हा उपग्रहांवरून जागा सांगणाऱ्या आपल्या भारतीय ‘नाविक’ प्रणालीपुढचा खरा प्रश्न होता. अमेरिकेच्या जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसातून दोनदा पृथ्वीभोवती फिरतात. सगळं जग सांभाळायचं, म्हणून त्यांना किमान २४ लागतात. भारताला फक्त स्वतःचा प्रदेश आणि सीमेपलीकडचा सुमारे १,५०० किलोमीटरचा पट्टा हवा होता. त्यासाठी ३६,००० किलोमीटरवरचे, पृथ्वीच्याच गतीने फिरणारे आणि आपलं आकाश कधी न सोडणारे सात उपग्रह पुरतील, असा हिशेब झाला.

मुंबईच्या बरोबर डोक्यावर एक उपग्रह कायमचा टांगता आला असता तर फार बरं झालं असतं. पण एका जागी स्थिर दिसायचं, तर उपग्रहाला विषुववृत्ताच्या वरच राहावं लागतं आणि मुंबई त्याच्या १९ अंश उत्तरेला आहे. लालबाग-परळच्या गच्च्यांवरच्या टीव्हीच्या डिश दक्षिणेकडे तोंड करून असतात, त्या याच कारणाने.

सातही उपग्रह विषुववृत्तावर ठेवले असते तर? मग दादर जितकं त्यांच्यापासून दूर, तितकाच दूर दक्षिण गोलार्धात, दादरच्या प्रतिबिंबासारखा हिंदी महासागरातला एक बिंदू असता. दोन्हींसाठी दोरांची लांबी अगदी सारखी! सगळे दोर दक्षिणेच्या गॅलरीला, म्हणून उत्तर-दक्षिण अंदाज कायम कच्चा.

यातून वाट काढली ती कक्षा कलती करून. सातांच्या रचनेत तीन उपग्रह विषुववृत्तावर, ३२.५, ८३ आणि १२९.५ अंश पूर्व रेखांशांवर. उरलेले चार २९ अंश कललेल्या कक्षांत. हे चार दिवसभरात एकदा २९ अंश उत्तरेपर्यंत वर येतात, एकदा तितकेच दक्षिणेला उतरतात, आणि पृथ्वीवरून पाहिलं तर आकाशात इंग्रजी आठ काढतात. एक आठ ५५ अंशांवर, दुसरा १११.७५ अंशांवर. उत्तरेकडच्या चाळीला बांधलेले दोर ते हेच. मला तर या रचनेतलं सगळ्यात सुंदर काम हेच वाटतं.

आता पुन्हा वाडीत येऊ. मुंबईहून ८३ अंशांवरचा उपग्रह क्षितिजापासून सुमारे ६५ अंश वर दिसतो. चार मजली चाळींच्या मधूनही बऱ्याचदा नजरेत राहील इतका उंच. ५५ अंशांवरच्या आठातला उपग्रह उत्तरेला आला की ६८ अंशांपर्यंत चढतो, दक्षिणेला गेला की ३२ वर येतो. १२९.५ अंशांवरचा मात्र पूर्वेला जेमतेम २३ अंशांवर. तो समोरच्या इमारतीमागे दडतो, किंवा त्याचा संदेश परळच्या एखाद्या काचेच्या टॉवरवर आपटून लांबच्या वाटेने येतो आणि दोर उगाच लांब भासतो. टोकियोच्या उंच इमारतींमुळे जपानलाही हीच अडचण होती. त्यांनी २०१० पासून सोडलेल्या ‘मिचिबिकी’ उपग्रहांपैकी बहुतेकांची कक्षा लंबगोल ठेवली, म्हणजे उपग्रह जपानवर जास्त वेळ रेंगाळेल.

सातच दोर असले की एकेकाची किंमत मोठी. जुलै २०२५ मध्ये सरकारने राज्यसभेत सांगितलं, की नाविकच्या तोवरच्या ११ पैकी चारच उपग्रह जागा सांगण्याचं काम करत होते. जुन्या उपग्रहांतली परदेशी अणुघड्याळं बंद पडत गेली, हे मोठं कारण. २९ जानेवारी २०२५ ला उडालेला नाविकचा नवा उपग्रह एनव्हीएस-०२ पूर्वेकडच्या आठात जायचा होता. रॉकेटने आपलं काम चोख केलं, पण उपग्रहातली झडप उघडली नाही, इंजिन पेटलं नाही, आणि तो खालच्या लंबगोल कक्षेतच अडकला. कक्षा चुकली, त्यामुळे आठातली त्याची जागा रिकामीच राहिली. सध्या आपले बरेच फोन नाविकबरोबर जीपीएस आणि इतर देशांचे उपग्रहही वाचतात, म्हणून गल्लीत हे जाणवत नाही. पण दुसऱ्याच्या दोरांवर आपली हंडी किती दिवस ठेवायची?

समुद्रावर गोष्ट वेगळी. मासेमारी बोटींवर इस्रोच्या तंत्रज्ञानाचे, संदेश देणारे-घेणारे एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये सुरू झाली. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून अशी बोट बाहेर पडली की मधे ना चाळ, ना टॉवर. गिरगावात भिंतीआड गेलेला तो २३ अंशांचा उपग्रह इथे घारापुरीच्या डोंगराच्या जरा उजवीकडे, डोंगरमाथ्याच्या बऱ्याच वर असतो. मे २०२३ मध्ये सोडलेला, देशी रुबिडियम घड्याळाचा एनव्हीएस-०१ त्याच जागी आहे.