दहा दिवसांनंतरचा खर्च

पक्षाघाताचा रुग्ण अतिदक्षता विभागातून बाहेर येतो, धोका टळतो आणि नातेवाईक समाधानाने घरी जाण्याची तयारी करतात. दीर्घकाळ चालणाऱ्या खर्चास तेथूनच आरंभ होतो. "शासनाची योजना असताना धर्मादाय निधी कशाला?" अशी पृच्छा देणगीदारांकडून आम्हांस वारंवार होते. तिचे उत्तर हिशेबानेच देणे उचित होईल.

२०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावे चालू आहे. तिने गरिबास शस्त्रक्रियेचे दार उघडले, हे निर्विवाद. मात्र तिचा पैसा ठरलेल्या उपचारास, ठरलेल्या दराने मिळतो. घरी सोडल्यानंतर दहा दिवसांची औषधे त्या दरातच धरलेली असतात; काही निवडक उपचारांना पुढील पाठपुरावाही आहे. परंतु अंथरुणास खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलणे, नळीवाटे अन्न देणे, पाठीस जखम होऊ न देणे ही कामे दरपत्रकात नाहीत. ती घरातील सून वा मुलगी करते आणि तिची रोजची मजुरी बुडते. ही बुडीत मजुरी कोणत्याच खात्यात नोंदली जात नाही.

संजय गांधी निराधार अनुदान १९८० पासून आहे. २०२३ मध्ये ते मासिक १,५०० रुपये झाले, म्हणजे दिवसास पन्नास. त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा सर्वसाधारणपणे वार्षिक २१,००० रुपये. धर्मादाय रुग्णालयात मात्र १,८०,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेले कुटुंब निर्धन मानले जाते. वर्षास साठ हजार मिळवणारे कुटुंब आमच्या दारी निर्धन ठरते, तहसील कचेरीत ठरत नाही!

मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार आम्ही दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवतो आणि देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतो. हा निधी रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. घरातील खाटेपर्यंत तो पोहोचत नाही.

जर्मनीने १९९५ पासून व जपानने २००० पासून शुश्रूषेचा स्वतंत्र विमा केला. तेथे रुग्ण किती परावलंबी आहे हे तपासून त्याप्रमाणे साहाय्य मिळते. आपल्याकडे केरळने २००८ साली धोरण आखून स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत परिचारिका घरोघरी पाठविल्या. विम्याचा हप्ता आपल्या शेतमजुरास झेपणार नाही, म्हणून केरळचा मार्ग आम्हांस अधिक जवळचा वाटतो. महाराष्ट्रातही शासनाने शस्त्रक्रियेच्या दरासोबत शुश्रूषेचे मासिक साहाय्य द्यावे आणि उत्पन्नाची मर्यादा सर्वत्र एकच ठेवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तोवर हा भार देणग्यांवरच आहे. हवेच्या गाद्या, चाकाच्या खुर्च्या आम्ही त्यातूनच विनामूल्य वापरावयास देतो. राधानगरी, शाहूवाडीकडील वाड्यांवर गेलेले साहित्य परत आणणे कठीण जाते, याची जाणीव आहे. तरीही गरज संपताच ते स्वच्छ करून पोहोचवावे, ही कुटुंबीयांना नम्र विनंती.