हंगामाआधी एक क्रिएटिनिन

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारच्या गावांत ऊसतोडीच्या मुकादमांच्या फेऱ्या वाढतात. उचल ठरते, कोयते, म्हणजे तोडणीच्या जोड्या, मोजले जातात. २०२५ मध्ये गाळप १ नोव्हेंबरपासून सुरू झालं. त्या सप्टेंबरच्या पुरात सिंदफणा नदीकाठची उभी पिकं गेली, त्यामुळे त्या वेळी गाव सोडणारे जास्तच असणार होते. दरवर्षी याच दिवसांत आरोग्य खात्याची हंगामपूर्व तपासणी होते आणि तिची बातमीही ठरलेली असते: किती बायकांच्या अंगात रक्त कमी, किती जणी गरोदर, किती जणींचं गर्भाशय काढलेलं. २०२५ च्या जूनमध्ये बाहेर आलेला, गर्भाशय काढलेल्या ८४३ जणींचा आकडा वाचकांच्या लक्षात असेलच. त्यातल्या ४७७ जणी तिशी ते पस्तिशीतल्या होत्या. त्याआधी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आली होती. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं.

हे आकडे बाहेर आले हे चांगलंच झालं. पण दरवर्षीच्या या बातम्यांत क्रिएटिनिनचा आकडा कुठेच दिसत नाही. रक्ताच्या एका नमुन्यात किडनीच्या कामाचा अंदाज देणारी ही तपासणी खाजगी लॅबमध्ये दीड-दोनशे रुपयांत होते. ऊसतोडीसाठी ती किती महत्त्वाची आहे, हे जगातल्या दुसऱ्या ऊसपट्ट्याने वीस वर्षांपूर्वीच दाखवून दिलं आहे.

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरच्या राजधानीत रोसालेस नावाचं सरकारी रुग्णालय आहे. तिथले किडनीतज्ज्ञ रामोन त्राबानिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक निबंध छापला. किडनी निकामी होऊन दाखल झालेल्या दोनशेवर नव्या रुग्णांचे कागद त्यांनी तपासले, तर जवळपास दोन तृतीयांश लोकांना मधुमेह नव्हता, रक्तदाब नव्हता, ओळखीचं कुठलंच कारण नव्हतं. बहुतेक पुरुष, समुद्रकाठच्या सखल भागातले, शेतात राबणारे. पुढे निकाराग्वात एकाच कारखान्याच्या लोकांची हंगामाआधी आणि हंगामानंतर तपासणी झाली. तेव्हा फडातल्या तोडणी कामगारांची किडनी एका हंगामात खालावलेली दिसली; कारखान्याच्या आतल्या लोकांची तशी खालावली नव्हती. अशाच अज्ञात कारणाच्या किडनीविकाराने श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत आणि आंध्रातला उद्दानम भागही पोखरला आहे.

मला मात्र सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते ब्राझीलमधलं काम, कारण ते किडनीवाल्यांनी सुरू केलेलं नव्हतं. साओ पावलोचे उबिरातान सांतोस हे फुप्फुसांचे डॉक्टर. जळीत ऊस तोडणाऱ्यांच्या श्वासावर धुराचा काय परिणाम होतो, हा त्यांचा मूळ विषय. ते करता करता त्यांनी २८ धडधाकट कामगारांचं रक्त-लघवीही तपासलं. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. हंगामाच्या शेवटी, दिवसभराच्या तोडणीनंतर त्यांच्या किडनीची गाळण्याची क्षमता सरासरी पाचव्या हिश्शाने कमी झाली होती. पाचांतल्या जवळपास एकाचं क्रिएटिनिन तर ०.३ किंवा त्याहून जास्त वाढलेलं होतं. डॉक्टरांच्या हिशेबात ही किडनीची ताजी इजा. हे लोक आजारी म्हणून दवाखान्यात आले नव्हते, दुसऱ्या दिवशी पुन्हा फडात जाणारे होते.

फुप्फुस आणि किडनी यांचा दुवा उसाच्या पानातच असावा. पाचटाची कड हाताला कापते म्हणून आपल्या बायका साडीवर पुरुषी शर्ट चढवतात. त्या कडेत ऊस जमिनीतून घेतलेली सिलिका साठवतो. ऊस किंवा पाचट पेटवलं की ती अतिसूक्ष्म कणांच्या रूपात राखेत आणि धुरात येते. फुप्फुसातल्या सफाई करणाऱ्या पेशी हे कण गिळतात, पण त्यांना ते विरघळवता येत नाहीत. त्या पेशी मरतात आणि आसपास सूज धरते. त्यातले अगदी बारीक कण रक्तात उतरून किडनीपर्यंत जात असावेत, असा संशोधकांचा संशय आहे. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठात उसाच्या राखेतली सिलिका किडनीच्या पेशींवर टाकून पाहिली, तेव्हा त्या पेशींचा ऊर्जेचा कारभार बिघडलेला दिसला. अर्थात प्रयोगशाळेतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे. परळीत औष्णिक केंद्राच्या राखेने हैराण झालेल्या जिल्ह्याने मात्र हा विषय कानाआड करू नये, कारण त्या राखेतही सिलिका असतेच.

किडनीवरचा मोठा आघात होतो तो उष्णता आणि पाण्याच्या ओढीने. घाम गेला की रक्तातलं पाणी घटतं. मेंदू व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सोडून किडनीला पाणी धरून ठेवायला लावतो. त्याच वेळी ढोरमेहनतीने स्नायूंची झीज होते, युरिक अॅसिड वाढतं आणि घट्ट, आंबट लघवीत त्याचे खडे धरू शकतात. कोलोराडोचेच रिचर्ड जॉन्सन यांच्या गटाने उंदरांवरच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दाखवली. शरीरात पाणी वारंवार कमी पडलं की किडनी ग्लुकोजपासून स्वतःच फ्रुक्टोज तयार करते आणि ते पचवताना तिच्याच नलिकांना इजा होते. फ्रुक्टोज पचवणारं विकर नसलेले उंदीर यातून बचावले. साखर घातलेल्या पाण्याने तहान भागवलेल्या उंदरांची किडनी तर साध्या पाण्यापेक्षा जास्त बिघडली. कडक उन्हात पाण्याऐवजी गोड चहावर आणि थंड बाटलीवर दिवस काढणाऱ्याला कुणी तरी हे सांगायला हवं.

इजा एकदा झाली तर किडनी सावरते. रोज झाली, सहा महिने झाली, दहा हंगाम झाली की नलिकांच्या भोवती व्रण धरत जातात. ही इजा चाळणीच्या भागात नसून नलिकांच्या भागात होते, त्यामुळे लघवीत प्रथिनं फारशी जात नाहीत. म्हणजे लघवीत पट्टी बुडवून काढलेला ‘नॉर्मल’ हा निष्कर्ष इथे फसवा ठरू शकतो. पायाला सूज, धाप, मळमळ दिसेपर्यंत बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं.

आता यात वेदनाशामक गोळी घाला. पहाटे अंधारात उठायचं, वाकून तोडायचं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, अंग दुखणारच. टपरीवर मिळणारी गोळी खाल्ल्याशिवाय दुसरा दिवस उजाडत नाही. अंगात पाणी कमी असताना किडनी प्रोस्टाग्लँडिनच्या जोरावर आपल्याकडे येणारी रक्तवाहिनी उघडी ठेवते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या नेमकं हेच प्रोस्टाग्लँडिन अडवतात. तहान आणि गोळी एकत्र आली की किडनीचा रक्तपुरवठा दोन्हीकडून आवळला जातो.

बायकांचं दुखणं आणखी पुढचं. फडावर संडास नाही, आडोसा नाही, म्हणून पाणीच कमी प्यायचं आणि लघवी दाबून ठेवायची. त्यातून जंतुसंसर्ग होतात आणि वारंवार झालेला संसर्ग वर किडनीपर्यंत जाऊ शकतो. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेबरोबर दोन्ही बीजाशयंही काढली गेली असतील, तर आणखी एक धागा जोडला जातो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या २०१८ च्या अभ्यासात, पाळी जाण्याआधी दोन्ही बीजाशयं काढलेल्या स्त्रियांना पुढे दीर्घकालीन किडनीविकाराचा धोका जास्त आढळला. बीडमध्ये हजारो कमी वयाच्या बायकांवर शस्त्रक्रिया झाल्या आहेत. त्यातल्या किती जणींची बीजाशयं गेली आणि आज त्यांच्या किडनीची अवस्था काय, हा प्रश्न विचारायला बीडपेक्षा योग्य जागा नाही.

मध्य अमेरिकेचं चित्र उचलून बीडवर चिकटवायचं मात्र नाही. तिकडे ऊस जाळून, कडक उष्म्यात तोडतात. आपल्याकडे बहुतेक ऊस हिरवा तुटतो, कारण वाढे गुरांना लागतात, विकले जातात. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे फडात थंडी असते. खरी होरपळ फेब्रुवारीनंतरची. त्यामुळे आपल्या कामगारांचं नुकसान त्यांच्याइतकं नसेलही. तमिळनाडूत विद्या वेणुगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऊस आणि मिठागरांतल्या कामगारांवर उष्णतेचा ताण मोजला आहे. तसं मोजमाप आपल्या मातीत, आपल्या माणसांवर झाल्याशिवाय ‘आपल्याकडे तसं काही नाही’ असं म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही.

मोजायचं कसं, हे लॅबच्या कागदावरूनच कळतं. समजा पस्तिशीतल्या गड्याचं क्रिएटिनिन ऑक्टोबरमध्ये ०.८ होतं आणि एप्रिलमध्ये १.२ आलं. कागदावर शेजारी छापलेली मर्यादा साधारण ०.७ ते १.३. दोन्ही आकडे मर्यादेतच, म्हणून कागद घडी करून खिशात जाईल. प्रत्यक्षात सूत्राने हिशेब केला तर त्याच्या किडनीची गाळण्याची क्षमता जवळपास एक तृतीयांशाने घटलेली असते. अंगावर मांस कमी असलेल्या, अर्धपोटी बाईचं क्रिएटिनिन तर मुळातच कमी येतं, तिच्या बाबतीत फसगत आणखी मोठी. म्हणून एका नमुन्याने भागत नाही. हंगामाआधी एक, परतल्यावर आठवडाभर विश्रांती घेतल्यानंतर दुसरा आणि तो वाढलेला असेल तर तीन महिन्यांनी तिसरा.

एल साल्वादोरमध्येच पाणी, ठरलेली विश्रांती, हलवता येणारी सावली आणि कोयत्याची सुधारित बनावट असा प्रयोग एका कारखान्याच्या टोळीवर झाला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत माणशी रोजची तोडणी ५.१ टनांवरून ७.३ टनांवर गेल्याची नोंद आहे. निकाराग्वात विश्रांती वाढवल्यावर जळीत ऊस तोडणाऱ्यांतली किडनीची नवी इजा चौघांत एकावरून साधारण बारांत एकावर आली. आपल्याकडे टनावर मजुरी आहे. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के दरवाढ मिळाली तरी मोळी थांबली की पैसा थांबतो, म्हणून सावलीत बसणं कुणाला परवडत नाही. विश्रांतीने टन घटत नाही, हा पुरावा मुकादम आणि शेतकी अधिकाऱ्यापर्यंत पोचायला हवा.

किडनीची ही मोजणी करायला नवं काही उभारायची गरज नाही. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे पदव्युत्तर विद्यार्थी दरवर्षी प्रबंधाला विषय शोधत असतात. अज्ञात कारणाच्या किडनीविकाराची पाहणी कशी करायची, याचा साधा, सगळ्या देशांत चालणारा आराखडा लंडनच्या संशोधकांच्या पुढाकाराने २०१७ पासून उपलब्ध आहे. पुण्यात संदीप साळवी यांच्यासारख्यांनी विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांचा फुप्फुसविकार हा विषय जगासमोर मांडला. कोपीतल्या, म्हणजे तळावरच्या झोपडीतल्या, चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या श्वासाची चाचणी त्याच शिबिरात होऊ शकते. पैशाची तरतूदही आहे: गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याणकारी महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे, असं ठरलेलं आहे. राज्याचं २०२४-२५ च्या हंगामातलं गाळप साडेआठ कोटी टनांच्या आसपास होतं.

अडचण खरी आहे ती दुसऱ्या नमुन्याची. माणसं सांगली-कोल्हापूरकडून, बेळगावकडून वेगवेगळ्या आठवड्यांत परततात, काही थेट दुसऱ्या कामावर जातात. कारखान्याच्या तळावर घ्यावा तर तिथल्या आरोग्य केंद्राकडे पहिला आकडाच नसतो. तेव्हा पहिला आकडा तारखेसह कामगाराच्या आरोग्यपत्रिकेवर ठळक लिहून त्याच्याच हातात द्यावा आणि त्याची प्रत गावच्या आशाताईकडे ठेवावी. गुढीपाडव्यापासून पुढे, जो कोयता घरी येईल त्याची नोंद आशाताईच करू शकतात. पहिला नमुना मात्र टोळ्या गाड्यांत बसण्याआधीच घ्यावा लागेल.